हे पीस कुणाचं

"ह्या पीस कोणाचा गो?"

आईचा हा प्रश्न मला आधी कळलाच नाही. आम्ही ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये, सतराव्या शतकाच्या दालनांत फिरत होतो. रेम्ब्रांटचं 'नाइट वॉच' बघून झालं होतं. त्या चित्राभोवती काचेची खोली, तिच्याभोवती माणसांची रांग आणि प्रत्येकाचा फोन वर. आईने ते दुरूनच बघितलं आणि "बरां आसा" म्हणून पुढे निघाली. मग एका बाजूच्या भिंतीवर तिला पक्षी दिसले. तिथे मात्र ती थांबली. हात पाठीमागे बांधून, मान किंचित पुढे काढून. परसात सकाळी खुराडं उघडल्यावर ती अशीच उभी राहायची, कोंबड्या मोजत.

समोर डाव्या हाताला खराखुरा वाटावा असा मोठा पांढरट पेलिकन. मागे कॅसोवरी, मुकुटासारखा तुरा असलेला आफ्रिकेतला क्रौंच, फ्लेमिंगो. पाण्यात आणि काठाला बदकं आणि हंसांच्या जातीतले पक्षी, प्रत्येकाचा रंग वेगळा, वळण वेगळं. त्यांच्याही मागे मोठ्या उद्यानातली झाडं, आणि संध्याकाळ जवळ आल्यासारखं आभाळ. इतकं सगळं असताना आईचं बोट अगदी खाली होतं, पाण्यावर. तिथे एक छोटं पीस तरंगत होतं.

मी या चित्रासमोरून आधी कितीतरी वेळा गेले होते. वर्षभराचा म्युझियमपास काढलेला असतो, पाऊस लागला की मी इथे येते. पाटीवर चित्राचं औपचारिक नाव आहे, पेलिकन आणि इतर पक्षी अशा अर्थाचं. पण डच लोक त्याला ओळखतात ते 'हेट द्राइवेंद वेर्टिए' या नावाने. तरंगतं पीस. हे मला ठाऊक होतं. पीस शोधून बघितलं होतं, वा म्हटलं होतं. ते कुणाचं असेल हा विचार मात्र मनात कधी आला नव्हता.

"चित्रातलं पीस आहे, आई. कुणाचं असणार?"

"कोणाचा तरी असतलाच मा," ती म्हणाली आणि एकेका पक्ष्याकडे निरखून बघायला लागली.

ती तीन महिन्यांसाठी माझ्याकडे ॲमस्टेलवेनला आली होती. आजी गेल्याला तेव्हा दहा महिने झाले होते. आजी म्हणजे माझ्या वडिलांची आई, आणि आईची चाळीस वर्षांची सोबत. ती भर पावसात गेली, मला पोचता आलं नाही. व्हिडिओ कॉलवर बघितलं तेवढंच. त्यानंतर वेंगुर्ल्याच्या घरातल्या कोंबड्या आईने एक एक करून शेजारी देऊन टाकल्या. शेवटची दिली त्या दिवशी फोनवर म्हणाली, "खुराडा धुवन उलटा घातलंय." मग गप्प झाली ती गप्पच. इथे आल्यावरही ती सगळं करायची, भाकऱ्या, भाज्या, माझ्या बाल्कनीतली झाडं. पण स्वतःहून असं काही बोलायची नाही. त्या पिसाबद्दलचा प्रश्न हा तिने इतक्या दिवसांत आपणहून विचारलेला पहिला प्रश्न होता. म्हणून मला त्या चित्राबद्दल लिहायचं आहे. आणि चित्रकाराबद्दलही, कारण आईच्या प्रश्नानंतर मी त्याच्याकडे नीट बघायला लागले.

मेल्खिओर द होंडेकुटर. जन्म १६३६ च्या सुमाराचा, युट्रेक्ट शहरातला. आजोबा खिलिस चित्रकार, वडील खाइसबर्ट चित्रकार, आणि आत्या ज्याला दिली तो यान बाप्टिस्ट वेनिक्सही चित्रकार. आपल्याकडे सोनाराच्या घरात पोर वाढावं तसा हा मुलगा रंगांच्या वासात वाढला. वडिलांकडून शिकला. १६५३ साली वडील गेले, तेव्हा तो साधारण सतरा वर्षांचा होता. मग या आत्याच्या नवऱ्याच्या हाताखाली शिकला. वडीलही कोंबड्या-बदकं रंगवायचे, म्हणजे परस त्याला वारशातच मिळालं.

अठराव्या शतकातल्या डच चरित्रकारांनी त्याच्याबद्दल काही गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. तरुणपणी तो इतका देवभोळा होता आणि इतक्या मोठ्याने प्रार्थना करायचा, की याला चित्रकार करावं की धर्मोपदेशक, असा घरच्यांना प्रश्न पडला. पुढे १६६३ मध्ये लग्न करून तो ॲमस्टरडॅमला राहायला आला. बायकोच्या बहिणीही त्याच घरात असायच्या आणि घरात म्हणे शांतता नसायची. तो एकतर बागेत असायचा, नाहीतर योर्दान भागातल्या गुत्त्यांमध्ये. या गोष्टींत बायकोची बाजू कुणी विचारलेली दिसत नाही, त्यामुळे मी त्या जपूनच घेते. पण एक गोष्ट मला मनापासून खरी असावीशी वाटते. त्याने एक कोंबडा शिकवून तयार केला होता म्हणतात. चित्राच्या घोडीशेजारी तो उभा राहायचा आणि हातातल्या काठीने खूण केली की मान वर, पंख पसरून, एक पाय उचलून, हवा तसा थांबायचा.

कोंबडा शिकतो का, असं मी आईला तिथेच विचारलं.

"खावक दिल्यान की शिकता. पण उभो रवणा नाय. ह्येचो रवलो असात तर ह्येच्यावर त्येचो जीव असतलो."

होंडेकुटरचं नाव आज राजवाड्यांमधल्या परदेशी पक्ष्यांसाठी घेतलं जातं. पण त्याने आयुष्यभर रंगवल्या त्या कोंबड्या. साध्या गावठी कोंबड्या. पिल्लांना पंखाखाली घेऊन बसलेली, छाती फुगवून दुसऱ्या कोंबड्यासमोर उभा ठाकलेला, घार दिसताच मान तिरकी करून एका डोळ्याने आभाळाकडे बघणारी. एकोणिसाव्या शतकात एका फ्रेंच समीक्षकाने लिहिलं होतं की राफाएलने जितक्या मायेने मेरीचं आईपण दाखवलं, तितक्याच मायेने याने कोंबडीचं दाखवलं. ते वाचताना मला अतिशयोक्ती वाटली नव्हती. कोंबडी वरून घारीची सावली फिरताना जो एक दबका, लांबट आवाज काढते आणि त्या आवाजासरशी दहा-बारा पिल्लं जिथे असतील तिथून धावत येऊन नाहीशी होतात, ते ज्याने बघितलंय त्याला वाटणार नाही.

आमच्या आजीला तिच्या कोंबड्यांचे स्वभाव पाठ होते. काळी एक होती, ती सगळ्यांत आधी खायची. बोडक्या मानेची एक, ती कुणाच्याच अध्यात नसायची. एक पखाली होती, ती खुडूक झाली की तीन-तीन दिवस खुराड्याबाहेर यायची नाही आणि हात घातला की रक्त काढायची. "आज रागावली हा ती. मान बघ तिची," आजी म्हणायची. मी मान बघायचे. मला इतर दिवसांसारखीच दिसायची. मग आजी माझी हनुवटी धरून तोंड वळवायची आणि सांगायची, की मानेवरची पिसं किती उभी राहिलीत बघ, डोळा किती बारीक केलाय बघ. अंडी कुठली कुणाची ते तिला न बघता सांगता यायचं. एखादी कोंबडी दोन दाणे कमी खाल्ली तरी तिच्या लक्षात यायचं. शाळेत मला चित्रकला शिकवली गेली, पुढे पदवीला मी कलेचा इतिहासही थोडा वाचला. पण बघायचं कसं हे मला पहिल्यांदा कुणी शिकवलं असेल तर आजीने, त्या खुराड्याच्या दारात.

होंडेकुटरची चित्रं बघताना हाच डोळा जाणवतो. त्याच्या आधी आणि त्याच्या काळातही पक्षी रंगवणारे पुष्कळ होते. त्यांतले बरेच मेलेल्या किंवा भुसा भरलेल्या पक्ष्यांवरून काढायचे, आणि ते कळतं. पीसन्‌पीस बरोबर असतं, पण पायावर वजन नसतं. होंडेकुटरच्या बदकाचं वजन एका पायावर असतं, दुसरा उचलण्याच्या बेतात. तो नुसता रंग टिपत नाही, पुढच्या क्षणी तो जीव काय करणार आहे हेही त्याला माहीत असतं. आजीसारखं.

आता त्या बागेबद्दल.

हे चित्र १६८० च्या आसपासचं मानलं जातं. सुमारे १५९ सेंटिमीटर उंच, १४४ रुंद. आई त्याच्यासमोर उभी राहिली तेव्हा पेलिकन आणि ती साधारण समोरासमोर आले होते. त्या वेळी होंडेकुटरचा मोठा आश्रयदाता होता ऑरेंज घराण्याचा तिसरा विल्यम, हॉलंडचा स्टॅटहाउडर, म्हणजे तिथला प्रमुख शासक, जो पुढे १६८९ मध्ये इंग्लंडचा राजाही झाला. विल्यमला शिकारीचा नाद, बागांचा नाद आणि परदेशी पक्ष्यांचा नाद. आपेलडोर्नजवळ हेट लो नावाचा त्याचा राजवाडा आहे, तिथल्या बागेत त्याने पक्षी पाळले होते. त्याच्या महालांच्या भिंतींसाठी होंडेकुटरने अशी चित्रं काढली. बाहेर खरे पक्षी, आत रंगवलेले. पाहुण्याने दिवाणखान्यात शिरल्यावर बघावं, की या धन्याच्या तळ्यावर जगभरातून काय काय येऊन बसलंय.

पण अशी बाग कुठेही नव्हती. इतके पक्षी असे एका काठावर, एका वेळी, कुणाला न टोचता उभे राहात नाहीत. आईने हेही लगेच सांगितलं. "ह्ये सगळे येकत्र रवचे नायत. तो मोठो काळो सगळ्यांका मारीत." मोठा काळा म्हणजे कॅसोवरी, आणि तिचा अंदाज अगदी बरोबर होता, कॅसोवरीच्या पायाच्या आतल्या बोटाला लांब, सुऱ्यासारखी नखी असते आणि लाथ माणसालाही जिवानिशी मारू शकते. होंडेकुटर स्वतःपाशी पक्ष्यांच्या तैलरंगातल्या कच्च्या अभ्यासचित्रांचा साठा ठेवायचा आणि त्यांतून एकेक उचलून नव्या चित्रात बसवायचा. म्हणून त्याच्या चित्रांमध्ये तेच ते पक्षी पुन्हा भेटतात, तोच पेलिकन, तोच क्रौंच, ओळखीचे नातेवाईक वेगवेगळ्या लग्नांत भेटावेत तसे.

कॅसोवरी इथे कसा पोचला त्याची गोष्ट मला विलक्षण वाटते. १५९५ मध्ये डचांची चार जहाजं पहिल्यांदाच मसाल्याच्या शोधात जावाकडे निघाली. १५९७ मध्ये तीन परत आली, आणि निघालेल्या माणसांपैकी अर्ध्याहून जास्त वाटेतच गेली होती. त्या परतलेल्या जहाजांपैकी एकावर एक कॅसोवरी होता, जावाच्या किनाऱ्यावरच्या एका राजाने भेट दिलेला. युरोपाने पाहिलेला हा पहिला कॅसोवरी. ॲमस्टरडॅममध्ये त्याला बघायला लोक जमले. मग तो एका सरदाराकडून दुसऱ्या राजाकडे, असं करत शेवटी प्रागला सम्राट दुसऱ्या रुडॉल्फच्या प्राणिसंग्रहात गेला. माणसं मेली, मसाला हवा तेवढा मिळाला नाही, पण पक्षी पोचला. महिनोन्‌महिने जहाजावर त्याला कुणी काय खायला घातलं असेल? कुणीतरी रोज घातलं असणार. त्या खलाशाचं नाव कुठेच नाही.

पुढे १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी झाली आणि हा रस्ता वाहता झाला. मिरी, जायफळ, कापड, नीळ आणि अधूनमधून पिंजरे. याच कंपनीची एक वखार आमच्या वेंगुर्ल्यात होती. तिचा पडका वाडा अजून उभा आहे, भिंतींतून झाडं उगवली आहेत, लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळायचो. चित्र रंगवलं जात होतं त्या सुमाराला, १६८० च्या एप्रिलमध्ये, रायगडावर शिवाजी महाराज गेले; आणि त्यांच्या कारकिर्दीबद्दल वेंगुर्ल्याच्या या वखारीतून डचांनी लिहिलेली पत्रं आज इतिहासकारांच्या कामी येतात. हे सगळं मला माहीत होतं, पण त्या दालनात आई शेजारी उभी असताना पहिल्यांदाच ते एका जागी आलं. आमच्या बंदरातला वखारवाला आणि हा पेलिकन रंगवणारा माणूस एकाच वेळी हयात होते, एकाच कंपनीच्या सावलीत.

ॲमस्टरडॅममध्ये सामान्य माणसालाही असे पक्षी बघता यायचे. क्लोवेनिर्सबुर्खवाल या कालव्यावर 'ब्लाउ यान' नावाची एक खाणावळ होती, सतराव्या शतकाच्या शेवटच्या चतकोरात सुरू झालेली. मागच्या अंगणात देशोदेशीचे प्राणी-पक्षी ठेवलेले. पैसे द्या, आत जा. जहाज धक्क्याला लागलं की विक्रीचे पक्षी तिथे यायचे.

पक्षी बागेतून उडून कसे जात नाहीत, हा पुढचा प्रश्न. मी आईला सांगायला गेले की अशा बागांमध्ये पक्ष्यांचे पर छाटायचे, किंवा पिल्लू असतानाच पंखाचं टोक कापायचे. सांगताना माझा आवाज थोडा चढला असावा. राजेलोकांचा राग आला होता. आई शांतपणे म्हणाली, "आपण पण छाटतंव मा."

खरंच होतं. बाजारातून नवीन कोंबडी आणली की आजी तिचे पर कात्रीने छाटायची, एकाच पंखाचे. दोन्ही छाटले तर ती कशीबशी उडतेच. एक छाटला की तोल जातो आणि गडग्यावरून पलीकडे जाता येत नाही. आजी ते काम मांडीवर फडकं टाकून करायची, कोंबडीचे डोळे पदराने झाकून, आणि नंतर तिला मूठभर तांदूळ घालायची. नवे पर येईपर्यंत कोंबडीला घर कळलेलं असायचं. मी तो राग तिथेच सोडून दिला नाही, पेलिकनसाठी तो अजून आहे. कोंबडी आमच्या अंगणात उतरली तर तिला अंगण कळतं. पेलिकनला डच थंडी काय कळणार? पण रागाच्या भरात मी बघायचं थांबले होते, आणि आईने मला परत चित्राकडे आणलं.

ती एव्हाना पिसाचा तपास पुढे नेऊन बसली होती. समोरच्या बाकावर बसली, पुन्हा उठली, अगदी पुढे गेली. पहारेकरी मुलगी हसून दोन पावलं जवळ आली, मी आईला मागे ओढलं.

"पोटाचा आसा ह्या," ती म्हणाली. "पंखाचा नाय."

"कशावरून?"

"वळ बघ."

आणि मग ती बोलायला लागली. पराला दांडी सरळ आणि कडक असते, तो पाण्यावर पडला तर आडवा, सपाट पडतो. छातीचं, पोटाचं पीस वळलेलं असतं, होडीसारखं. ते पडतं तेव्हा पाठ खाली आणि दोन्ही टोकं वर, आणि पाण्याला जेमतेम टेकतं. बुडाशी लव असते ती भिजत नाही. आजी शिवणयंत्राला तेल घालायला पंखाचा पर वापरायची आणि कान कोरायला मऊ पीस. कुठलं कशाला हे ठरलेलं असायचं आणि सगळी पिसं देवळीत एका डब्यात असायची. तो डबा अजून आहे, आई म्हणाली. कोंबड्या दिल्या, खुराडं उलटं घातलं, पण डबा काढवला नाही. "उघडूक पण नाय." हे सगळं ती चित्राकडे बघत बोलत होती, माझ्याकडे नाही. मी मध्ये एक शब्दही बोलले नाही.

तैलरंगात पीस रंगवणं म्हणजे काय, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. हे रंग जवसाच्या तेलात घोटलेले असतात. तेच जवस, ज्याची आपण चटणी करतो. त्याचं तेल हवेत हळूहळू घट्ट होत जातं, म्हणून चित्रकाराला वेळ मिळतो, आणि म्हणूनच वाटही बघावी लागते. ओल्यावर ओलं लावलं तर रंग एकमेकांत मिसळतात. पाण्याचा काळपट, हिरवट थर आधी वाळू द्यायचा. बदकं, त्यांची प्रतिबिंबं, काठ सगळं होऊ द्यायचं. आणि मग त्या गडद पाण्यावर सफेद्याच्या चार-पाच फटकाऱ्यांत पीस. असं फिकं, हलकं काही गडद रंगावर काढायचं तर ते अखेरीलाच येणार. आणि ते एका दमात काढावं लागतं. खोडत बसलं तर त्याला वजन येतं. राजाच्या माणसांनी पेलिकन मागितला असेल, कॅसोवरी मागितला असेल. पीस कुणी मागितलं असेल असं मला वाटत नाही. रोज कोंबड्यांमध्ये बसणाऱ्याला ते दिसलं, एवढंच. जिथे पक्षी आहेत तिथे पिसं पडलेली असणारच. ज्या तळ्यावर एकही पीस नाही त्या तळ्यावर पक्षी राहात नाहीत, ते फक्त मांडून ठेवलेले असतात.

मला वाटतं त्या खोट्या बागेला खरं करतं ते हेच. पीस पडलंय म्हणजे आत्ता, इतक्यात, कुणीतरी चोचीने छाती खाजवली. वारा नाही, नाहीतर ते काठाला लागलं असतं. बदक फार जवळून गेलेलं नाही, नाहीतर लाटेने उलटलं असतं.

पिसांचं त्याला वेडच असावं. हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयात त्याचं १६७१ चं एक चित्र आहे: उसनी पिसं लावून मिरवणाऱ्या कावळ्याची पिसं बाकीचे पक्षी उपटून घेतायत. आपल्याकडे मोराची पिसं खोचलेल्या कावळ्याची गोष्ट सांगतात तीच, इसापाची. तिथे पिसांना अर्थ आहे, बोध आहे. तळ्यावरच्या पिसाला कसलाही बोध नाही. पेलिकनलाही नाही, आणि हे त्या काळात सोपं नव्हतं, कारण चोचीने स्वतःची छाती फोडून पिल्लांना रक्त पाजणारा पेलिकन हे ख्रिस्ताचं जुनं प्रतीक. तरुणपणी मोठमोठ्याने प्रार्थना करणाऱ्या माणसाला ते माहीत नसेल असं होणार नाही. तरी त्याने पेलिकनला पेलिकनच राहू दिलं. इकडे राइक्सम्युझियममध्येच यान असेलाइन या चित्रकाराचा घरट्यासाठी कुत्र्यावर फिस्कारणारा हंस आहे, १६५० च्या सुमाराचा. त्याच्यावर पुढे कुणीतरी अक्षरं रंगवून हंसाला एक राजकारणी, अंड्याला हॉलंड आणि कुत्र्याला देशाचा शत्रू करून टाकलं. १८०० मध्ये राष्ट्रीय संग्रहासाठी विकत घेतलेलं पहिलं चित्र म्हणजे हा हंस. देखणा आहे, पण मला त्या अक्षरांमागचा बिचारा पक्षी दिसायला फार वेळ लागतो.

"मग कुणाचं ठरलं?" मी शेवटी विचारलं. आम्हाला तिथे येऊन पाऊण तास झाला होता.

आईने पेलिकन बाद केला होता, त्याचं पीस याहून मोठं असतं म्हणून. क्रौंच आणि फ्लेमिंगो लांब होते. "फ्लेमिंगोचं गुलाबी असतं," हे मी सांगितलं. शिवडीच्या चिखलात ते आम्ही दोघींनी एकदा बघितले होते. काठावरच्या एका बदकापाशी ती थोडी रेंगाळली, मग मान हलवली. तिचं म्हणणं असं पडलं, की ज्याचं पीस आहे तो चित्रात नाहीच. तो इथे होता. पोहत पुढे गेला, या चौकटीच्या बाहेर.

मला हे उत्तर कुठल्याही पुस्तकात मिळालेलं नाही.

बाहेर पडल्यावर मी तिला घरी न नेता योर्दानकडे घेऊन गेले. मे महिना होता, उजेड रात्री साडेनऊपर्यंत. वेस्टरकेर्कचा मनोरा दाखवला. या चर्चमध्ये रेम्ब्रांटला १६६९ मध्ये पुरलं, नेमकं कुठे ते आज कुणालाही दाखवता येत नाही. होंडेकुटर १६९५ च्या एप्रिलमध्ये लेकीच्या घरी वारला, त्यालाही इथेच आणलं. आईने चपला काढायच्या का विचारलं. दार बंद होतं, तिने बाहेरूनच हात जोडले.

तिथून लॉरिअरख्राख्त जवळच. अरुंद, शांत कालवा. होंडेकुटर काही काळ इथे राहायचा. तेव्हा या काठावर चित्रकारांची आणि चित्रांच्या व्यापाऱ्यांची घरं होती. आता सायकली, कुंड्या, बांधलेल्या होड्या. त्याचं घर नेमकं कुठलं हे मी शोधत नव्हते. आम्ही पुलावर टेकून पाणी बघत होतो, आणि आई सवयीने पिसं शोधत असावी, कारण तिला ती आधी दिसली.

एका होडीच्या आणि भिंतीच्या बेचक्यात घरटं होतं. काड्या, झाडाची पानं, प्लास्टिकची पिशवी, कागदी पेल्याचं झाकण, जे मिळेल ते गोळा करून रचलेलं. त्यावर काळाभोर पक्षी, कपाळावर पांढरा टिळा. इथे या पक्ष्याला कुणी ढुंकूनही बघत नाही, प्रत्येक कालव्यात असतो. आपल्याकडे याला वारकरी म्हणतात, त्या कपाळावरच्या गंधामुळे. मी नाव सांगितलं तेव्हा आईचा चेहरा उजळला.

ती बराच वेळ बघत राहिली. पक्ष्याने एकदा उठून पोटाखाली चोच घातली, काहीतरी सारखं केलं, पुन्हा अंग सैल सोडून बसला.

"रवणाक बसली हा," आई हळूच म्हणाली. "मान बघ तिची."

मी मान बघितली. मागून एक होडी इंजिनाचा आवाज करत येत होती, तिच्यावर गाणी लावलेली. आईने पुलाच्या कठड्यावरून दोन्ही हात खाली करून होडीवाल्याला हळू जायची खूण केली. त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्याने वेग कमी केला.